वगळलेलं मत

प्रतीक सांगायला आला तेव्हा लतिका सबनीस फळा पुसत होती. प्रतीक तिचा पीएचडीचा विद्यार्थी, एकुलता एक उरलेला. नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं त्याला घेतलं होतं, आणि पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण आपला प्रश्न सुटला तरी तो समजणारी माणसं जगात असतील किती?"

लतिकानं जरा विचार केला. "वीस-पंचवीस असतील."

प्रतीक हसला. ती थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. तिनं खरा आकडा सांगितला होता.

सन दोन हजार दोनचा उन्हाळा होता. दिल्लीतल्या त्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या एमएस्सीचा वर्ग पूर्वी भरून वाहायचा. आता हुशार पोरं संगणकाकडे जात होती, आणि लतिकाचे सहकारीही एकेक करून प्रोग्रामिंग शिकवायला लागले होते. लतिका मात्र पंधरा वर्षं विस्कळीत चुंबकांच्या मागे होती. असंख्य बारीक चुंबकं जवळजवळ ठेवली की प्रत्येक आपल्या शेजाऱ्यांकडे बघून तोंड फिरवतं. पण एक शेजारी इकडे ओढतो, दुसरा तिकडे. मग सगळी मिळून शेवटी कुठं स्थिरावतात? हा तिचा प्रश्न होता. त्याला कागद, पेन्सिल आणि शांतता एवढंच लागायचं. शांतता तिच्याकडे भरपूर होती. सेहेचाळीस वर्षांची, एकटी, पुण्यात आई आणि भाऊ. नुकताच दिल्लीच्या विमानतळाजवळ वसत असलेल्या द्वारका उपनगरात फ्लॅट घेतला होता. सोसायटीतली निम्मी घरं लोकांनी पुढंमागं विकायला म्हणून घेऊन ठेवलेली, त्यामुळे संध्याकाळी समोरच्या इमारतीत तीन-चारच खिडक्या उजळायच्या. रस्ते अर्धवट होते, पाणी टँकरनं यायचं, आणि विमानं इतकी खालून जायची की फोनवर बोलता बोलता थांबावं लागायचं. आई विचारायची, "काय गं, गप्प का झालीस?"

विभागप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं की नुसत्या सिद्धांतावर आता अनुदान मिळत नाही. दुसऱ्या एखाद्या विषयाला जोडून काहीतरी करा. त्याच सुमारास विजयालक्ष्मी तिच्या आयुष्यात आली. विजयालक्ष्मी त्याच विद्यापीठात राजकीय मानसशास्त्र शिकवायची. तिनं लतिकाचं एक भाषण ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती थेट खोलीवर आली.

"तुझी चुंबकं शेजाऱ्याकडे बघून फिरतात," ती म्हणाली. "मतदारही तसेच फिरतात, असं सगळे छातीठोकपणे लिहितात. मोजून कुणी दाखवत नाही. आपण मोजू या?"

बेत साधा होता. पानिपतची एक जुनी विणकरांची वस्ती आणि द्वारकेतल्या नव्या सोसायट्या अशा दोन जागा निवडायच्या. घरोघर जाऊन काही विधानं वाचून दाखवायची. सरकारी कारखाने विकावेत. वीज खाजगी कंपन्यांकडे द्यावी. सरकारी कॉलेजांची फी वाढवून खर्च विद्यार्थ्यांकडूनच घ्यावा. प्रत्येकाला एक ते सात यांतला आकडा सांगायचा. एक म्हणजे बिलकुल अमान्य, सात म्हणजे पूर्ण मान्य. तीन महिन्यांनी पुन्हा जायचं, आजूबाजूच्या घरांनी सरासरी काय उत्तर दिलं ते सांगायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. माणूस शेजाऱ्यांकडे किती सरकला ते लतिकाच्या समीकरणात घालायचं.

प्रश्न विचारायला एमएचे विद्यार्थी होते. पानिपतचे टिकले. द्वारकेचे ऊन आणि बंद दारं यांना कंटाळून सोडून गेले. मग लतिका म्हणाली, "मी राहतेच तिथं. मी जाते."

विजयालक्ष्मीनं तिला तयार केलं. आवाज एकसारखा ठेवायचा. बरं-वाईट काही म्हणायचं नाही. मानही हलवायची नाही.

"हुं सुद्धा नाही?"

"नाही. हुं म्हणालीस की त्याला कळतं तुला काय आवडलं. मग तो तुझ्याकडे बघून फिरतो."

लतिकाच्या शेजारच्या सोसायटीत, सरकारी नोकरांच्या, दुसऱ्या मजल्यावर एका दारावर गुणवंत मेश्राम अशी पाटी होती. तिनं बेल वाजवून पाठ केलेलं हिंदी वाक्य म्हटलं. जाळीच्या दाराआडून एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ तिच्याकडे बघत राहिले.

"मराठी का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग हिंदीत कशाला त्रास घेता? या, या. आत या."

मेश्राम शिक्षण मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. पत्नी शुभदा चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा शार्दूल नोएडात एका कंपनीत होता, बायको-मुलीसह तिकडेच राहायचा. "अमेरिकेत असता तर रविवारी ठरल्या वेळी फोन तरी आला असता," ते म्हणाले. "नोएडा म्हणजे काय, कधीही येता येतं. म्हणून येणं होत नाही."

लतिकानं कागद काढले. ते ताठ बसले, जणू मुलाखत नोकरीची आहे. प्रत्येक विधान त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि आकडा सांगून त्याची कारणंही दिली. कारणं विचारलेली नव्हती. फीच्या विधानाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"एक. त्याच्या खाली काही आहे?"

"नाही."

"मग एक. पण ठळक लिहा. मॅडम, माझ्या बापानं कामठीला विड्या वळल्या. मी नागपूरला कॉलेजात गेलो तो फी माफ होती म्हणून, आणि होस्टेलात दोन वेळ जेवण होतं म्हणून. आमच्या वस्तीतला पहिला बीए. पुढं मंत्रालयात याच विषयाच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या. फी वाढवा म्हणणाऱ्या प्रत्येक टिपणावर मी दुसऱ्या बाजूनं लिहिलं. साहेबानं खोडलं, ते वेगळं."

लतिकाला मान हलवायची होती. तिनं पेन घट्ट धरलं आणि पुढचं विधान वाचलं.

प्रश्न संपल्यावर त्यांनी चहा केला, डब्यातून चिवडा काढला. दिल्लीत आल्या आल्या करोल बागेत घेतलेली खोली, पत्नीची शाळेतली नोकरी, मंत्रालयातल्या कँटीनचे समोसे, असं बरंच ते बोलले. बाहेर पडताना लतिकाच्या लक्षात आलं की इतका वेळ मराठी तिनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

तीन महिन्यांनी दुसरी फेरी सुरू झाली. त्या दिवशीचं शेवटचं घर म्हणून लतिकानं मेश्रामांचं ठेवलं. म्हणजे नंतर कुठं जायची घाई नको. हे तिनं स्वतःशीही नीट कबूल केलं नाही.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कप आधीच मांडलेले होते. लतिकानं नियमाप्रमाणे सांगितलं, "तुमच्या आसपासच्या घरांचं फीच्या बाबतीत सरासरी उत्तर पाच आलं आहे. आता तुमचं मत काय?"

"पाच? आमच्या या बिल्डिंगीत?" ते गॅलरीकडे बघत बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "सात."

लतिकानं वर पाहिलं. पुन्हा विचारायची परवानगी नव्हती. तिनं सात लिहिलं. वीज, कारखाने, सगळीकडे त्यांनी पहिल्या वेळेच्या उलट आकडे दिले, आणि या वेळी कारणं दिली नाहीत. चहा मात्र पहिल्यापेक्षा चांगला झाला होता.

हिवाळ्यात दोघी आकडे घेऊन बसल्या. निकाल पाहून विजयालक्ष्मी खुर्चीतून उठलीच. पानिपतची माणसं शेजाऱ्यांची मतं ऐकून सरकली होती, काही जवळ, काही चिडून लांब. द्वारकेत कुणी हललंच नव्हतं. शेजारी पाच म्हणतो की दोन म्हणतो, कुणाला काही फरक पडलेला नव्हता. बहुतेकांना शेजारी कोण तेच ठाऊक नव्हतं. लतिकाच्या समीकरणात शेजाऱ्याची ओढ दाखवणारं जे पद होतं, त्याची किंमत द्वारकेत जवळजवळ शून्य येत होती. तिच्या पंधरा वर्षांच्या कामात ते पद कधी शून्य झालं नव्हतं. शून्य झालं तर प्रश्नच उरत नाही, म्हणून तिनं ती शक्यता कधी तपासलीच नव्हती.

आलेखावर द्वारकेचे सगळे ठिपके एका रेषेत होते. एकच ठिपका पार कोपऱ्यात.

"हा कोण?" विजयालक्ष्मीनं विचारलं.

"मेश्राम. माझ्या शेजारच्या सोसायटीतले."

"हा फार महत्त्वाचा माणूस आहे. सगळी इमारत जागेवर आणि हा एकटा पूर्ण उलटा. पुन्हा जा. या वेळी मोकळेपणानं बोल, का बदललं ते शोध."

लतिका आनंदानं गेली. मेश्रामांनी दार उघडलं ते जणू दाराशीच उभे असल्यासारखं. तिनं विधानं वाचली. या खेपेला आकडे तिसरेच आले. फीला चार.

"काका," लतिका म्हणाली. मॅडम आणि मेश्रामसाहेब कधीच मागं पडलं होतं. "आधी एक, मग सात, आता चार. असं का?"

"म्हणजे चौथी फेरी लागेल?"

"नाही. ही शेवटची."

त्यांचा चेहरा उतरला. "पण उत्तरं जुळत नाहीत ना? मग प्रकरण बंद कसं करता?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्हाला फसवायचं नव्हतं. सगळं आयुष्य फायलींत गेलं माझं. निकाली निघालेली फाइल पुन्हा कुणी मागवत नाही. परत यायला हवी असेल तर तिच्यात एखादी शंका ठेवावी लागते. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. तुम्ही उठताना म्हणालात, तीन महिन्यांनी येईन. तेव्हाच ठरवलं, सगळं तेच सांगितलं तर नंतर कशाला येतील? म्हणून शंका ठेवली."

"सगळ्याच उत्तरांत?"

"बाकीच्यांचं काही वाटलं नाही. वीज कुणाकडेही जावो. फीचं सात म्हणताना मात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर शुभदाच्या फोटोपुढं बसलो होतो. ती असती तर बोलली नसती माझ्याशी."

लतिकाला त्यांचा राग आला नाही. आपण हे घर शेवटी का ठेवलं होतं, ते तिला आता लख्ख दिसलं. त्यांनी आकडे बदलले होते. तिनं घरांचा क्रम बदलला होता.

विजयालक्ष्मीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वगळ त्यांना."

"पहिली उत्तरं खरी आहेत. निदान ती ठेवू."

"कुठली खरी ते आपण कशावरून ठरवायचं? त्यांनी सांगितलं म्हणून? दुसऱ्या फेरीतही त्यांनीच सांगितलं होतं." तिचा आवाज मऊ झाला. "मलाही वाईट वाटतं. पण एकटेपणा मोजायला आपण गेलो नव्हतो, लतिका. ते मोजायचं तर वेगळी तयारी लागते."

तिचं बरोबर होतं. लतिकानं कोपऱ्यातला ठिपका काढून टाकला. रेषा सुबक झाली.

शोधनिबंध दोन हजार चारमध्ये एका परदेशी नियतकालिकात आला. लतिकाला आयुष्यात पहिल्यांदा पंचवीसपेक्षा जास्त माणसांनी पत्रं पाठवली. मेश्रामांना तिनं फेरी नसतानाही अधूनमधून भेटायला सुरुवात केली होती, पण त्या भेटी जमत नसत. हातात कागद नसला की दोघंही अवघडायची. टँकर, विमानं, गुडघे एवढं झालं की चहाचा शेवटचा घोट यायचा. एकदा त्यांनी विचारलं, "ते छापून आलं का? आम्हाला दाखवा की. आम्ही पण आहोत त्यात."

ती प्रत घेऊन गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि सरकारी मसुदा वाचावा तसं, पेन्सिल हातात धरून, ओळीन् ओळ वाचायला घेतलं. समीकरणं आली की बोटानं ओलांडत होते. चौथ्या पानावर पेन्सिल थांबली.

"इथं लिहिलंय, द्वारकेतल्या एका उत्तरदात्याला विसंगत उत्तरांमुळे वगळलं आहे." ते वर न बघता म्हणाले. "हा मीच ना?"

तिला नाही म्हणता आलं असतं. नाव कुठंच नव्हतं.

"हो, काका."

"योग्य केलंत. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं." त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. "म्हणजे फीचं माझं एकही गेलं."

"सगळंच गेलं."

"ते तेवढं राहायला हवं होतं." त्यांनी पेन्सिल खिशाला लावली. मग प्रत नीट दुमडून त्यांनी परत दिली. "मंत्रालयात साहेब खोडायचा. हे मी स्वतःच्या हातानं केलं."

त्यानंतर लतिका गेली की ते आदरानं वागायचे, चहा करायचे, पण आपल्या आयुष्यातलं काही सांगेनासे झाले. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी फारच त्रास दिला तेव्हा शार्दूल गाडी घेऊन आला आणि त्यांना नोएडाला घेऊन गेला. फ्लॅट बंद झाला. लतिका संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची तेव्हा त्या इमारतीतल्या अंधाऱ्या खिडक्यांत आणखी एक वाढली होती. कुठली, हे तिला न मोजता कळायचं.

त्याच वर्षी विभागाच्या बैठकीत एक ठराव आला. जुना एमएस्सीचा अभ्यासक्रम बंद करून स्वयंअर्थसहाय्यित नवा सुरू करायचा होता. त्यात संगणक होता, उद्योगांशी करार होता, आणि फी जुन्या फीच्या कित्येक पट होती. अशा बैठकांत लतिका मागच्या रांगेत बसून कागदाच्या कडेला गणितं करायची. एवढ्या वर्षांत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले, "तर सर्वांची संमती आहे," आणि लतिका उभी राहिली.

"माझी नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रमुखांना खरंच आश्चर्य वाटलं. "कारण?"

तिनं काही तयार करून आणलं नव्हतं. "फी माफ असली तरच कॉलेजात येऊ शकणारी मुलं असतात. त्यांच्यातली काही पदार्थविज्ञान शिकतील. त्यांना आपण दार लावतो आहोत."

"शिष्यवृत्त्या ठेवणार आहोत ना, मॅडम."

"किती?"

प्रमुखांनी पुढचा कागद ओढला. ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात एक विरोध नोंदला गेला. नंतर चहाच्या वेळी लोक नेहमीसारखेच तिच्याशी हवापाण्याचं बोलले, आणि बोलून झाल्यावर दुसऱ्या टेबलावर गेले. पूर्वीही ती एकटीच बसायची. त्या दिवशी मात्र ते तिला जाणवलं.

घरी येऊन तिनं नोएडाला फोन लावला. मेश्रामांनीच उचलला. आवाज थकलेला होता. तिनं बैठकीची हकीकत सांगितली.

"विरोध कोणी केला?"

"मी."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. कुणीतरी तो कमी केला, किंवा त्यांनीच दार लोटलं असावं.

"ठराव तर झालाच म्हणता."

"हो. झाला."

"होणारच होता." मग ते म्हणाले, "एक विचारू? ते मत तुमचं होतं की माझं?"

वरून एक विमान चाललं होतं, त्यामुळे तिला थांबावं लागलं.

"माहीत नाही, काका. तुमच्याकडे आले नसते तर मी गप्प बसले असते. एवढंच नक्की सांगता येतं."

"हे तुमच्या शास्त्रात बसतं का?"

"बसायला हवं. पण आता तुम्ही त्यात नाही."

ते हसले. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांचं हसू ऐकलं. "इथं घर भरलेलं आहे," ते म्हणाले. "नात चांगली आहे, पण मी मराठीत एक वाक्य बोललो की ती म्हणते, 'दादाजी, हिंदी में बोलो ना.' सूनबाई आठला घरी येते, शार्दूल त्याच्याही नंतर. रविवारी या तुम्ही. काम नसलं तरी या."

रविवारी लतिका दोन बस बदलून, यमुना ओलांडून नोएडाला गेली. उंच सोसायटी, फाटकावर पहारेकरी, टेबलावर वही. तिनं नाव लिहिलं, फ्लॅटचा क्रमांक लिहिला.

"मैडम, किस काम से?" पहारेकऱ्यानं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ये भी भरिए."

मागं एक गाडी हॉर्न वाजवत होती. लतिकानं 'मिलना' असं लिहिलं, आणि लिफ्टकडे वळली. मेश्राम काठी टेकत खालीच येऊन बसले होते. तिला पाहून ते उठू लागले. "बसा, बसा," म्हणत ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "ती चुंबकं नक्की काय असतात हो? मला कधी नीट सांगितलंच नाही तुम्ही."

लतिकानं पर्स मांडीवर ठेवली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.